आधी जाड की आधी बारीक: तलासरीच्या मागावरचे काही दिवस

मिक्सरच्या खोक्यात, भांड्याखाली दुमडून ठेवलेली एक पुस्तिका असते. ती मी लिहिते. "यंत्र पाण्यात बुडवू नये" आणि "झाकण नीट बसल्याची खात्री करून घ्यावी" ही माझी वाक्यं. गेली बावीस वर्षं मी पुण्यात बसून मिक्सर, पाण्याचे पंप, इस्त्र्या आणि शिलाई मशिनं यांची मराठी माहितीपुस्तकं लिहिते आहे, आणि त्यातलं एखादं वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. आमच्याच घरी नवा मिक्सर आला तेव्हा नवऱ्याने तो आधी लावला, मग जाळला, आणि त्यानंतर विचारलं, "यात काही कागद होता का गं?"

त्यामुळे कार्तिक संपता संपता मला जो फोन आला त्याने मी हरखूनच गेले. तलासरी तालुक्यातल्या पाड्यांवर बायकांना गालिचे विणायला शिकवणारी एक संस्था आहे. तिच्यासाठी मी हिंदी टिपणांवरून बत्तीस पानांचं पुस्तक लिहून दिलं होतं. गालिचा मी आयुष्यात फक्त पाय पुसायच्या अंतरावरून पाहिला होता, पण पाण्याचा पंप तरी मी कुठे चालवला होता? फोनवर संस्थेचा कल्पेश होता.

"मॅडम, पुस्तक आलं. बराबर छापलंय. पण बायकांना एक अक्षर समजत नाही. तुम्ही येऊन जा ने."

दुसऱ्या कुणाला ही तक्रार वाटली असती. मला वाटलं, म्हणजे कुणीतरी उघडून पाहिलं. मी त्याच संध्याकाळी बॅग भरली.

आशागड ते तलासरी, लोकरीसह

डहाणू रोड स्टेशनाबाहेर कल्पेश मोटारसायकल घेऊन उभा होता. पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलताना मराठीतून गुजरातीत आणि गुजरातीतून परत मराठीत असा सहज जाणारा, जसे आपण स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जातो. त्याचं घर आशागडला. थोडी चिकूची झाडं, थोडा भात. त्याने मला आधी घरी नेलं, कारण "तलासरीपर्यंत उपाशी कसं न्यायचं?" तलासरी तिथून फार तर तासाभरावर होती. त्याच्या आईने तांदळाची भाकरी, वालाची आमटी आणि सुकटीची चटणी वाढली, आणि मी दुसरी भाकरी नको म्हटल्यावर ती अर्धीच वाढते असं सांगून पूर्ण वाढली. पुण्यात "नको" म्हटलं की ताट उचलतात. इथे "नको" हा केवळ संभाषणाचा भाग आहे हे मला तिसऱ्या भाकरीला समजलं.

निघताना कल्पेशने माझ्या आणि त्याच्या मध्ये एक भलं मोठं पोतं ठेवलं. त्यात लोकरीचे गुंडे होते, पाड्यावर पोचवायचे. मी पोत्याला मिठी मारून बसले. चारोटीला हायवेवर वळलो, आणि थोडं पुढे गेल्यावर एक टेम्पो आमच्या बरोबरीने आला. ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून शांतपणे म्हणाला, "ताई, तुमचं लाल काहीतरी चारोटीपासून येतंय."

मागे वळून पाहिलं. पोत्याला भोक पडलं होतं. एक गुंडा कधीतरी निसटला होता, त्याचं टोक पोत्यात अडकून राहिलं होतं, आणि हायवेच्या कडेने एक तांबडी रेघ आमच्या मागे मागे आली होती. आम्ही थांबलो आणि गुंडाळत उलटं चालायला लागलो. एका टपरीवाल्याने धागा उंच धरला होता, म्हणजे गिऱ्हाइकांच्या पायात येऊ नये. तो म्हणाला, "मला वाटलं केबलवाले आहेत." गुंडा शेवटी मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईच्या टोपलीखाली सापडला. तिने तो परत दिला, पण त्याआधी कल्पेशला दोन कणसं घ्यायला लावली.

तलासरीत माझी सोय एका दुकानावरच्या खोलीत होती. खोली स्वच्छ, खिडकी मोठी. खिडकीजवळ गेलं की फोन मला गुजरातमध्ये स्वागत असल्याचं कळवायचा आणि पलंगाजवळ आलं की पुन्हा महाराष्ट्रात घ्यायचा. दात घासताना माझ्या अशा तीनचार सीमापार फेऱ्या होत.

समायोजन

पाडा तलासरीपासून आत, भातकापणी झालेल्या खाचरांमधून जाणाऱ्या रस्त्यावर होता. संस्थेचं केंद्र म्हणजे पत्र्याचा लांब हॉल आणि त्यात सहा उभे लोखंडी माग. प्रत्येक मागावर वरपासून खालपर्यंत पांढरे दोरे ताणलेले, त्यासमोर फळी, आणि फळीवर दोन दोन बायका. एकूण अकरा जणी. बाराव्या जागी फळीवर कुणी नव्हतं. ते विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

शिकवणारे रामाशीष उस्ताद उत्तर प्रदेशातल्या, गालिच्यांसाठी नावाजलेल्या भदोहीकडचे. सहा वर्षांपूर्वी तीन महिन्यांसाठी आलेले. पन्नाशीतला, बारीक अंगाचा, अतिशय गंभीर माणूस. त्यांची स्वतःची अशी एक भाषा तयार झाली होती, जिच्यात क्रियापदं हिंदी, नावं मराठी आणि राग वारली होता.

कल्पेशने माझी ओळख करून दिली आणि सगळ्यांत चांगलं वाचणाऱ्या सुनीताला पुस्तक वाचायला सांगितलं. सुनीता दहावी झालेली, पाड्यावरची सर्वांत धाकटी सून. ती उभी राहिली आणि तिने माझं पहिलं पान खणखणीत वाचलं.

"विणकामास प्रारंभ करण्यापूर्वी ताण्याच्या तंतूंचे समांतर समायोजन करून तणावाची एकसमानता सुनिश्चित करावी."

बाहेर एक कोंबडी ओरडली. उस्तादांनी पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"मॅडम, मी चालीस साल से विणतो," ते म्हणाले. "ये समायोजन मेरे मागावर कभी आया नाय."

पुढच्या फळीवर चाळिशीची एक बाई बसली होती. डाव्या मनगटावर गोंदण, केस घट्ट बांधलेले. आम्ही बोलत होतो तोवर तिच्या गाठी चालूच होत्या. तिने मान न वळवता विचारलं, "पुस्तक कोणी लिवलं?"

कल्पेशने माझ्याकडे बोट केलं. तिने आता वळून पाहिलं.

"बाय, तू कदी गालिचा इनलीस?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग बस अठं," ती म्हणाली आणि फळीवर सरकली.

ही जयवंती. तिचं बोलणं मी इथे जमेल तसं लिहिते आहे. माझ्या कानाला ते पूर्ण पकडता आलं नाही, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. पाड्यावर सगळे सगळ्यांना "तू" म्हणतात. मला अनोळखी माणसाने "तू" म्हटल्याला निदान तीस वर्षं झाली असतील. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वेळी दचकत होते. तिसऱ्या दिवशी कल्पेश "मॅडम, तुम्ही" म्हणाला तेव्हा माझं काही चुकलं की काय असं वाटलं.

मी विणते

पुढचे तीन दिवस मी जयवंतीच्या शेजारी बसले. काम सांगायला सोपं आहे. समोर चौकटींचा नकाशा टांगलेला असतो, एक चौकट म्हणजे एक गाठ. दोन उभ्या दोऱ्यांभोवती लोकर फिरवायची, खाली ओढायची, सुरीने कापायची. अशी एक ओळ पुरी झाली की तिच्यावरून आडवा दोरा घालायचा, त्याला बाणा म्हणतात, आणि पंजाने, म्हणजे लोखंडी फणीने, ठोकून बसवायचा. बाणे दोन, एक जाड, एक बारीक. मग कात्रीने लोकर सारखी करायची आणि पुढची ओळ.

जयवंतीची एक ओळ होईपर्यंत माझ्या सात गाठी होत. त्यातल्या चार ती उसवत असे. तिने मला कधी रागावलं नाही. ती फक्त गाठीकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची, आणि सुरीचं टोक घालायची. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सलग अकरा बरोबर गाठी मारल्या आणि अभिमानाने मान वर केली, तर अकराही गाठी हिरव्या होत्या आणि नकाशात तिथे तपकिरी होतं.

रंगांची गोष्ट वेगळीच. पुस्तकात मी रंगांना "गैरिक", "धूसर", "पीताभ" अशी नावं दिली होती. नकाशावर रंगांचे आकडे होते. बायकांनी आकडे बाजूला ठेवून आपली नावं पाडली होती. तपकिरी म्हणजे चिकू, राखाडी म्हणजे सुकट, पिवळा म्हणजे पिकलेला भात. एक जांभळट करडा रंग होता, त्याला त्या "उस्ताद" म्हणायच्या, कारण त्यांचा स्वेटर त्या रंगाचा होता. "दोन उस्ताद, एक चिकू, परत दोन उस्ताद," असं सुनीता मोजायची आणि उस्ताद मागे उभे राहून गंभीरपणे मान डोलवायचे.

जेवायच्या सुटीत सगळ्यांचे डबे मध्ये यायचे. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, तोंडी लावायला सुके बोंबील. मी पुण्याहून आणलेला लाडवांचा डबा उघडला. प्रत्येकीने एक घेतला, खाल्ला, आणि जयवंतीने विचारलं, "तुमच्याकडं हे दररोज खातात?" मी नाही म्हटल्यावर तिला बरं वाटलेलं दिसलं.

रिकाम्या जागेचं मला तिथेच कळलं. ती कमळ नावाच्या बाईची. दिवाळी झाली की पाड्यावरची बरीच घरं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. मुकादम ट्रक घेऊन येतो. पहिल्या खेपेत कमळचं घर गेलं. नवरा निघाला, पोरं निघाली, मग तीही निघाली. तिचा अर्धा गालिचा तिच्या जोडीदारणीने पुरा केला.

"आणि तुम्ही?" मी जयवंतीला विचारलं.

तिचा नवरा लखमा थांबला होता. शुक्रवारी विणकरांची परीक्षा होती, विणून दाखवायची आणि तोंडीही. जी पास होईल तिला संस्था घरी माग देणार आणि काम घरी येणार. मुकादम दुसरी आणि शेवटची खेप घेऊन शनिवारी येणार होता.

"पास झालू तं राहू," जयवंती म्हणाली. "नाय तं ट्रक हाय."

तिने हे चिकू आणि सुकट यांच्यामधली गाठ मारता मारता सांगितलं. मी त्या दिवशी संध्याकाळी खोलीवर जाऊन पुस्तक पुन्हा लिहायला घेतलं.

झेरॉक्स

नवं पुस्तक बत्तीस पानांचं नव्हतं. ते एक पान होतं, पाठपोट. बायका जे शब्द वापरत तेच मी लिहिले. "दोरे सारखे ताणा. बोटाने वाजवून बघा. सगळीकडे एकच आवाज आला पाहिजे." सुनीताने ते वाचून दाखवलं तेव्हा मागून कुणीतरी "हां" म्हणालं. बावीस वर्षांत माझ्या वाक्याला आलेला तो पहिला हुंकार. उस्तादांनी पान लांब धरलं, जवळ धरलं, आणि म्हणाले, "अब ठीक हाय."

मी तलासरीत जाऊन ते टाइप करून घेतलं. टाइप करणाऱ्या मुलीचं काम भराभर होतं, माझं तिच्या खांद्यावरून बघणं सतत. "हे वाक्य वर घ्या, ते खाली, नाही, पहिल्यासारखंच ठेवा," असं मी इतक्या वेळा केलं की शेवटी तिने खुर्ची सोडून माझ्याकडे माउस दिला. शेवटचे फेरफार मीच केले. बारा प्रती काढल्या. बुधवारी वाटल्या.

बुधवार ते शुक्रवार पाड्यावर माझं पान दुमदुमत होतं. सुनीता ओट्यावर बसून म्हणायची, बाकीच्या तिच्या मागे म्हणायच्या. विहिरीवर, चुलीपुढे, गुरं आणताना. एक म्हातारी, जिचा गालिच्याशी काहीही संबंध नव्हता, ती सुद्धा "कडा ओढू नका" असं पुटपुटत गेली. जयवंती तेवढी त्यात नव्हती. तिला वाचता येत नव्हतं, आणि संध्याकाळी तिला भात कांडायचा होता.

माझ्या आनंदाला सीमा नव्हती. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, "लोक माझं पाठ करतायत." तो म्हणाला, "मिक्सरचं?"

शुक्रवार

परीक्षक सकाळी दहाला आले. पंचेचाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात निळ्या पट्ट्याचं ओळखपत्र, हातात टॅबलेट. परीक्षा घेत ते जिल्हाभर फिरत. आदल्या दिवशी त्यांनी ब्यूटी पार्लरची परीक्षा घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी नळजोडणीची होती. गालिचा ते पहिल्यांदाच पाहत होते. पण प्रामाणिक माणूस होता. त्यांनी प्रत्येक मागासमोर उभं राहून बायकांना विणताना पाहिलं, टॅबलेटवर नोंदलं, आणि चेहऱ्यावरून तरी खूश दिसले.

मग तोंडी परीक्षा. सुनीता पहिली.

"गाठींची ओळ पूर्ण झाल्यानंतर काय करता ते क्रमाने सांगा."

"आधी बारीक बाणा घालायचा, पंजाने ठोकायचा. मग जाड बाणा घालायचा, पंजाने ठोकायचा. मग कात्रीने सारखं करायचं. कडा ओढू नका."

परीक्षकांनी टॅबलेटकडे पाहिलं. मग मागाकडे. "पण तुम्ही आत्ता विणताना आधी जाड घातलात."

"हो सर," सुनीता म्हणाली. "ते हातानं. हे तोंडानं."

मी मागे खुर्चीवर बसले होते. पर्समधून माझं पान काढलं. चौथी पायरी, बारीक बाणा. पाचवी पायरी, जाड. उस्तादांनी पान पास केलं तेव्हा चौथी पायरी जाड होती. तलासरीत वाक्यं वरखाली करताना मी ती उलटी केली होती. आधीच्या पुस्तकात चूक असती तर काहीच बिघडलं नसतं, ते कुणाला कळलंच नव्हतं. आता माझी मराठी सोपी झाली होती, म्हणून चूक सगळ्यांना तोंडपाठ झाली होती.

खरं सांगायचं तर मी लगेच उठले नाही. मला वाटलं, दुसरी तरी बरोबर सांगेल. दुसरीने माझी चौथी पायरी घडघडा म्हटली. तिसरीने सुद्धा. चौथी तर "कडा ओढू नका" हे परीक्षकांकडे बोट करून म्हणाली. चारही वेळा टॅबलेटवर त्यांचं बोट एकाच जागी पडलं, आणि ती जागा बरोबरची नव्हती हे मला दुरूनही दिसत होतं. उस्ताद दाराशी उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर बघायला लागले.

पाचवी जयवंती.

"मना पुस्तक वाचता येत नाय," तिने आधीच सांगून टाकलं. "हात करतात ते सांगते. आधी जाड. मंग बारीक."

"तुमच्या चार मैत्रिणी उलट म्हणाल्या," परीक्षक म्हणाले. "मग तुमचं बरोबर, की त्यांचं?"

जयवंतीने स्वतःचं बरोबर म्हटलं तर चौघी बुडत होत्या. त्यांचं बरोबर म्हटलं तर ती बुडत होती, आणि दारात लखमा उभा होता. ती उठली आणि तिने फळीवरची धूळ हाताने पुसली.

"तू बस अठं," ती परीक्षकांना म्हणाली.

का कोण जाणे, ते बसले. तिने त्यांच्या हातात जाड बाणा दिला आणि तो कसा घालायचा ते दाखवलं. मग पंजा दिला. ते पुढे वाकले आणि त्यांनी जोर लावून चांगलं चारपाच वेळा ठोकलं. सरळ व्हायला गेले तर होता येईना. वाकल्यावर त्यांच्या गळ्यातली निळी पट्टी दोऱ्यांच्या मध्ये गेली होती आणि त्यांनी ती स्वतःच्या हाताने बाण्याबरोबर गालिच्यात ठोकून बसवली होती.

आता मात्र मी उठले. मी असं म्हणणार नाही की मला एकदम धीर आला. एवढंच, की ते कुठे जाऊ शकत नव्हते.

"सर, चूक त्यांची नाही. माझी आहे. या कागदावर मी पायऱ्या उलट्या लिहिल्या. त्यांनी माझं पाठ केलं."

परीक्षकांनी जमेल तेवढी मान वळवली. "आपण कोण?"

"मी हे पान लिहिलं."

"आपण विणकर आहात?"

"नाही."

"मग लिहिलंत कसं?"

जयवंती सुरीच्या टोकाने बाणा सैल करत होती. ती म्हणाली, "लिवलीन चांगलं. एकच उलटं लिवलीन."

पट्टी सुटल्यावर परीक्षक उठून मागे सरकले आणि त्यांनी सुनीताला बोलावलं. त्यांना एक गोष्ट समजत नव्हती. "तुम्हाला माहीत होतं ना, आधी जाड घालतात? मग पुस्तकात उलटं आहे हे कुणालाच दिसलं नाही?"

"दिसलं ना," सुनीता म्हणाली. "पहिल्याच दिवशी दिसलं. पण परीक्षा हाय म्हटल्यावर आम्हाला वाटलं, परीक्षेत असंच बोलायचं असंल. शाळेत पण असंच असतं. करायचं एक, लिवायचं दुसरं."

कल्पेश खोकला. परीक्षक बराच वेळ टॅबलेटवर नियम शोधत होते. शेवटी एक सापडला. प्रशिक्षणाच्या साहित्यात दोष असल्याचं लेखी दिलं तर तोंडी परीक्षा त्याच दिवशी पुन्हा घेता येते. मी तिथेच कागद घेतला. "सोबतच्या पानावर चौथी आणि पाचवी पायरी मी उलटी लिहिली आहे. विणकरांनी ती जशीच्या तशी पाठ केली. दोष माझा." सही. एवढ्या सोप्या मराठीत मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. परीक्षकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "शिक्का?"

शिक्का तलासरीच्या ऑफिसात कपाटात होता. कल्पेश मोटारसायकलवरून गेला, आणि कपाटाची किल्ली आशागडला घरी राहिल्याचं त्याने फोनवरून कळवलं. तेवढ्यात आम्ही सगळ्यांनी जेवून घेतलं. परीक्षकांनी बोंबील मागून घेतले. जयवंतीने त्यांना दोनदा वाढलं आणि "सावकाश खा, काटा असतो" असं सांगितलं. त्यांनाही "तू" ऐकून तीस वर्षं झाली असावीत. ते सावकाश खात होते.

कल्पेश साडेतीनला शिक्का घेऊन आला. परीक्षा पुन्हा सुरू झाली आणि नवीच अडचण आली. पाठ केलेलं विसरता येईना. सुनीताने तोंड उघडलं की "आधी बारी" एवढं बाहेर यायचं आणि ती ओठ चावायची. तेव्हा उस्ताद त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.

"हात चालव. तोंड को छोड दे."

सुनीताने हवेत हात उचलले. समोर नसलेल्या दोऱ्यांभोवती बोटं फिरवली, नसलेली लोकर कापली, आणि मग उजवा हात आडवा नेत म्हणाली, "जाड." पुन्हा आणला. "बारीक." परीक्षकांनी मान डोलावली. मग एकामागून एक अकरा जणी त्यांच्यासमोर खुर्चीत बसून हवेत विणत गेल्या. खिडकीतून बघणाऱ्या म्हातारीने हात जोडले. तिला वाटलं आरती चालली आहे.

भिंत

निकाल लगेच मिळणार नव्हता. परीक्षक म्हणाले, उद्या सकाळी येईल. जाताना त्यांनी मी पेनाने दुरुस्त केलेल्या पानाची एक प्रत मागून घेतली.

शनिवारी मी निघणार होते, पण सकाळी पाड्यावर गेलेच. मुकादमाचा ट्रक रस्त्याच्या वळणावर उभा होता. त्यात चार घरं चढली होती. भांडी, गोधड्या, एक कोंबड्यांचा खुराडा, त्यावर बसलेली एक लहान मुलगी. लखमाने घरासमोर एक बोचकं बांधून ठेवलं होतं. ते ना दारात होतं ना रस्त्यावर. जयवंती भांडी घासत होती. मुकादमाने दोनदा हॉर्न वाजवला.

कल्पेशचा फोन वाजला तेव्हा त्याने आधी "हॅलो" म्हटलं, मग "हां" म्हटलं, मग बऱ्याच वेळा "हां" म्हटलं. मग फोन ठेवून त्याने बोटं मोजली आणि म्हणाला, "अकराच्या अकरा. बाराव्या नावापुढं गैरहजर लिवलंय."

जयवंतीने हातातलं पातेलं विसळून उपडं घातलं. मग ती ट्रककडे गेली आणि मुकादमाशी बोलली. मला वाटलं ती येत नसल्याचं सांगते आहे. पण ती कमळसाठी निरोप देत होती. पुढच्या वर्षी परीक्षा असेल, दिवाळी झाली तरी घरीच राहा म्हणून. मुकादमाने तो नीट ऐकला आणि ट्रक निघाला.

अकराच्या सुमाराला टेम्पोतून माग आला. पहिला माग जयवंतीचा, कारण तिचं घर रस्त्याला जवळ. चौघांनी तो उतरवला आणि दारापाशी नेला. दार कमरेएवढं रुंद होतं. माग आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला. उस्ताद आत जाऊन "इकडून ओढतो" म्हणाले आणि मागाच्या आणि भिंतीच्या मध्ये अडकले. त्यांना बाहेर काढायला माग पुन्हा मागे न्यावा लागला. कल्पेश म्हणाला, लोखंड कापून आत जोडता येईल. उस्तादांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढे काही सुचवलं नाही.

लखमाने घराला एक फेरी मारली. हाताने भिंत चाचपली. कुडाची भिंत, कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा लेप. मग त्याने कोयता आणला आणि पूर्वेकडच्या भिंतीवर उभ्या दोन रेघा मारल्या.

"घर फोडतोस?" जयवंतीने विचारलं.

"माग बाहेर ठेवू का?" तो म्हणाला.

तासाभरात भिंत खाली आली. तिच्या जागी मोठं उजेडाचं भगदाड पडलं आणि आतली चूल, टांगलेली टोपली, भाताची कणगी असं सगळं रस्त्यावरून दिसायला लागलं. माग सरळ आत गेला. तो उभा केल्यावर अर्धं घर मागाचं झालं. मग सगळ्यांनी मिळून कारव्या पुन्हा बांधल्या. मला शेणमातीचा गोळा देण्यात आला. मी लेप दिला. जयवंतीने त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझा लेप खरवडून काढून पुन्हा दिला.

माझ्या गाडीची वेळ होत आली होती. भिंत ओली होती, दुपारच्या उन्हात तिच्यातून वाफ निघत होती. लखमाने घरासमोरचं बोचकं सोडलं आणि गोधडी, पातेली, एकेक वस्तू आत नेऊन परत जागेवर ठेवायला लागला. जागा मात्र आता तीच नव्हती, मधे माग होता. पातेलं हातात घेऊन तो घराच्या मध्यावर उभा राहिला.

"पुढच्या साली भट्टीवर जायचं झालं तं हा बाहेर कसा काढायचा?" त्याने विचारलं.

जयवंतीचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते. तिने भिंतीवरून एकदा तळवा फिरवून कड सारखी केली.

"नाय काढायचा," ती म्हणाली. "ठेव ते पातेलं."